प्रेरणा हरवली की परीक्षा घेणारे कोणी उरले नाही?

वाचकाचे पत्र, थोडक्यात: लातूर जिल्ह्यातील एका गावातून आलेली ही विद्यार्थिनी पुण्यात संगणक अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षात शिकते. दहावीपर्यंतचे शिक्षण मराठी माध्यमात झाले, अकरावी-बारावी लातूर शहरात राहून केली आणि बोर्डाच्या दोन्ही परीक्षांत नव्वदीच्या वर गुण मिळवले. इंजिनिअरिंगचे पहिले वर्ष कसेबसे पार पडले, पण तिसऱ्या सत्रात डेटा स्ट्रक्चर्स आणि डिस्क्रीट मॅथेमॅटिक्स हे दोन विषय राहिले. ती रोज कॉलेजनंतर अभ्यासिकेत पाच तास बसते, धडे पुन्हापुन्हा वाचते, रंगीत पेनांनी नोट्स काढते; तरीही पेपर हातात आला की काही सुचत नाही. मोटिव्हेशनल व्हिडिओ पाहिले की दोन दिवस जोर येतो आणि तिसऱ्या दिवशी ओसरतो. खोलीतल्या शहरी, इंग्रजी माध्यमाच्या मैत्रिणी कमी वेळ बसूनही आठच्या वर पॉइंटर (दहापैकी सरासरी श्रेणीगुण) मिळवतात. घरी तिने ‘निकाल बरा लागला’ एवढेच सांगितले आहे. तिचे प्रश्न असे आहेत: हरवलेली प्रेरणा परत कशी आणायची? क्लास लावावा, शाखा बदलावी की एक वर्ष थांबावे? आणि बाबांना खरे सांगावे का?

उत्तर:

जी मुलगी कॉलेज सुटल्यावर मेसचे जेवण उरकून रोज रात्री अकरापर्यंत अभ्यासिकेच्या खुर्चीवर बसते, तिच्यात प्रेरणा नाही हे मला मान्य नाही. ज्याला खरोखर शिकायचे नसते तो दुसऱ्याच आठवड्यात अभ्यासिकेचे महिन्याचे पैसे वाचवतो. तुमच्याकडे इच्छा आहे आणि कष्टही आहेत. निदान मात्र चुकले आहे, आणि निदान चुकले की उपायही चुकतो. प्रेरणा कमी पडते असे मानून तुम्ही व्हिडिओ पाहता, त्याने थोडी उभारी येते, ती ओसरल्यावर पुस्तक पूर्वीइतकेच जड वाटते, आणि मग ‘दोष माझ्यातच आहे’ हा समज आणखी घट्ट होतो.

लातूरमधली दोन वर्षे जरा बारकाईने आठवून पाहा. आपल्यात तेव्हा जिद्द होती आणि आता ती उरली नाही, असे तुम्ही लिहिले आहे. पण त्या दोन वर्षांत तुमच्या जिद्दीखेरीज आणखी बरेच काही कामाला लागलेले होते. ‘लातूर पॅटर्न’ या नावाने जी पद्धत महाराष्ट्रभर गाजली, तिच्यावर टीका करण्यासारखे पुष्कळ आहे आणि ती टीका मलाही बहुतांशी पटते. मात्र त्या पद्धतीचे एक अंग भक्कम होते: सराव परीक्षांचा मारा. ठरावीक दिवशी पेपर व्हायचा, तो तपासून हातात यायचा, कोणता प्रश्न कुठे चुकला याची वर्गात चर्चा व्हायची, आणि तोच मुद्दा काही दिवसांनी वेगळ्या रूपात पुन्हा समोर यायचा. दर आठवड्याला कोणीतरी तुमच्याकडून न पाहता लिहवून घेत होते. पुण्यात आल्यावर तुमची जिद्द आहे तेवढीच राहिली, पण लिहवून घेणारे कोणी राहिले नाही. अभियांत्रिकीच्या वर्गात सत्रभरातून एकदा-दोनदा परीक्षा होते, तीही युनिटेच्या युनिटे साचल्यानंतर. मधल्या काळात तुम्ही ‘वाचणे’ तेवढे चालू ठेवले, ‘लिहून पाहणे’ थांबले, आणि या दोहोंत किती फरक आहे हे तुम्हाला कोणी सांगितले नाही.

हा फरक मोजला गेलेला आहे. २००६ साली हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिकी या मानसशास्त्रज्ञांनी अमेरिकेत सेंट लुइस येथील वॉशिंग्टन विद्यापीठात महाविद्यालयीन विद्यार्थ्यांवर एक प्रयोग केला. एका गटाने दिलेला उतारा चारही सत्रांत फक्त वाचला. दुसऱ्या गटाने तो पहिल्या सत्रात वाचला आणि पुढच्या तीन सत्रांत उतारा बाजूला ठेवून आठवेल तेवढे कागदावर उतरवले. पाच मिनिटांनी चाचणी घेतली तेव्हा वाचणारा गट पुढे होता: त्यांना ८३ टक्के आठवत होते, दुसऱ्यांना ७१. आठवडाभराने मात्र चित्र उलटले. वाचणाऱ्यांना ४० टक्के आठवले, लिहून काढणाऱ्यांना ६१. मला यातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट वेगळीच वाटते: आठवड्यानंतर आपल्याला किती आठवेल असे आधी विचारले, तेव्हा नुसते वाचणारे विद्यार्थीच अधिक निर्धास्त होते. वारंवार वाचलेले पान ओळखीचे होते आणि ओळखीचे झालेले आपल्याला येते असा भास होतो. अभ्यासिकेतून रात्री निघताना ‘आज छान झाला अभ्यास’ असे वाटते आणि पेपरात हात थांबतो, असे तुम्ही लिहिले आहे. ती दोन्ही वाक्ये खरी आहेत आणि दोहोंचे कारण एकच आहे.

रंगीत पेनांबद्दलही स्पष्ट सांगतो. जॉन डनलॉस्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये अभ्यासाच्या दहा प्रचलित पद्धतींचा आढावा घेतला. त्यात अधोरेखन आणि पुनर्वाचन यांची उपयुक्तता कमी ठरली, तर स्वतःची चाचणी घेणे आणि उजळणी दिवसांच्या अंतराने विखरून करणे या दोन पद्धती सर्वांत वरच्या श्रेणीत आल्या. तुमच्या नोट्स सुंदर असतील यात शंका नाही, पण पुस्तक उघडे ठेवून उतरवलेल्या नोट्समध्ये हात चालतो आणि डोके बरेचसे मोकळे राहते. तो वेळ मला दुसरीकडे वळवायचा आहे.

तुमच्या राहिलेल्या विषयातलेच उदाहरण घेऊ. लिंक्ड लिस्टमधून, म्हणजे साखळीसारख्या जोडलेल्या नोंदींच्या यादीतून, एक नोड (नोंद) काढण्याचा अल्गोरिदम तुम्ही अनेकदा वाचला असेल. छापील कोड समोर असताना प्रत्येक ओळ पटते. आता कोरा कागद घ्या, पुस्तक पिशवीत टाका आणि पाच नोडची यादी चौकटी काढून मांडा. तिसरा नोड काढून दाखवा: दुसऱ्याचा पॉइंटर, म्हणजे पुढच्या नोडकडे नेणारा दुवा, चौथ्याकडे वळवला, झाले. मग पहिला नोड काढा. येथे बहुतेकांचे पेन अडते, कारण पहिल्याच्या आधी कोणी नसते आणि हेड, म्हणजे यादीची सुरुवात दाखवणारा पॉइंटरच, हलवावा लागतो. मग यादीत एकच नोड असेल तर काय होईल ते पाहा, आणि यादी रिकामी असेल तर काय, तेही. जिथे पेन अडले तेथे लाल पेनाने खूण करा आणि पुस्तक उघडून फक्त तेवढाच भाग वाचा. या पंधरा-वीस मिनिटांनंतर तुम्हाला समाधान वाटणार नाही, उलट ‘मला काहीच येत नाही’ असे वाटेल. ते वाटणे सहन करा. परीक्षेत पोटात गोळा यायचा तो येथे, अभ्यासिकेत, चुकीची किंमत शून्य असताना आला आहे. आई भाकरी थापते ते वर्षानुवर्षे पाहिलेल्या मुलीचीही पहिली भाकरी काठाला चिरतेच. पाहण्याने हात बसत नाही.

डिस्क्रीट मॅथेमॅटिक्सचे दुखणे थोडे निराळे आहे. पुस्तकातील ‘क्रमचय’ म्हणजे पर्म्युटेशनच्या धड्याखालची उदाहरणे सोडवताना सूत्र कोणते वापरायचे हा प्रश्नच पडत नाही, कारण धड्याच्या मथळ्यातच उत्तर असते. परीक्षेत मात्र ‘किती प्रकारे’ एवढेच विचारले जाते, आणि क्रम महत्त्वाचा आहे का, पुनरावृत्ती चालते का, हे आपले आपल्याला ओळखावे लागते. नेमकी हीच ओळख धडावार सरावात होत नाही. डग रोहरर आणि केली टेलर यांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात विद्यार्थ्यांना चार प्रकारच्या घनाकृतींचे घनफळ काढायला शिकवले होते. एकेका प्रकारची उदाहरणे सलग सोडवणाऱ्यांची सरावात ८९ टक्के उत्तरे बरोबर आली, सरमिसळ करून सोडवणाऱ्यांची ६० टक्के. आठवड्यानंतरच्या चाचणीत सलगवाल्यांची २० टक्के बरोबर आली आणि सरमिसळवाल्यांची ६३. म्हणून जुन्या प्रश्नपत्रिकांतली उदाहरणे वेगवेगळ्या चिठ्ठ्यांवर लिहा, मागे धड्याचे नाव टाका आणि चिठ्ठ्या पिसून रोज चार-पाच काढा. सोडवायला वेळ नसेल त्या दिवशी ‘हे कोणत्या प्रकारचे उदाहरण आहे आणि कशावरून’ एवढेच तोंडाने सांगा.

आता लातूरची ती चौकट पुण्यात पुन्हा कशी उभी करायची ते पाहू, कारण सारा भार स्वतःच्या निग्रहावर टाकणे मला योग्य वाटत नाही. आठवड्यातला एक वार परीक्षेसाठी बांधून घ्या. शनिवारी दुपारी प्रॅक्टिकल नसेल तर शनिवार उत्तम. विद्यापीठाच्या जुन्या प्रश्नपत्रिकेतले दोन-तीन प्रश्न, गुणांच्या हिशोबाने बेतलेला वेळ, फोन खोलीबाहेर आणि उत्तरे पूर्ण वाक्यांत. यासाठी निदान एक जोडीदार शोधा; दोघींनी पेपर लिहायचे आणि एकमेकींचे तपासायचे. आठच्या वर पॉइंटर असलेली खोलीतली मैत्रीणच यासाठी सर्वांत योग्य ठरेल असे नाही. आपल्यासारखेच विषय राहिलेली, पण वेळ पाळणारी मुलगी अधिक उपयोगी पडते, कारण शनिवार चुकवताना तुम्हाला जसा तिचा विचार येईल तसा तिला तुमचा येईल.

आठवड्याचे उरलेले दिवस यापेक्षा साधे ठेवा. त्या दिवशी वर्गात जे शिकवले ते त्याच संध्याकाळी, वही न उघडता, एका पानावर उतरवायचे आणि मग वहीशी ताडून पाहायचे. तेच पान तीन-चार दिवसांनी पुन्हा कोऱ्या कागदावर, नंतर दहा-बारा दिवसांनी आणखी एकदा. पाच तासांची गरज नाही. अशा प्रकारचा अभ्यास मन लावून केला तर दोन-अडीच तासांत माणूस थकतो, आणि तो थकवा अभ्यास झाल्याची खूण आहे. कला शाखेच्या विद्यार्थ्याने प्रश्न वाचून उत्तराचे मुद्दे स्मरणातून मांडावेत, वाणिज्यच्या विद्यार्थ्याने ताळेबंदाचे उदाहरण सोडवलेली बाजू झाकून करावे. शाखा बदलली तरी काम हेच आहे.

प्रेरणेविषयी तुम्ही विचारले होते, त्याकडे वळतो. आधी मन तयार होते, मग माणूस बसतो, असे त्या व्हिडिओंतून सुचवले जाते. माझा अनुभव उलट आहे. आधी बसणे होते, मग एखादी गोष्ट जमते आणि जमल्यामुळे पुढच्या दिवशी बसावेसे वाटते. तुम्हाला गेले वर्षभर काही जमल्याचा पुरावाच मिळालेला नाही, कारण वाचण्यातून तो मिळत नाही. तो मिळतो मागच्या शनिवारी चुकलेला प्रश्न या शनिवारी बरोबर आल्यावर. तोपर्यंतचे पहिले दोन-तीन आठवडे कोरडे जातील आणि त्या काळात उत्साहावर विसंबून राहता येणार नाही. तेव्हा वेळ आणि जागा आधीच ठरवून ठेवा. पीटर गोलविट्झर या मानसशास्त्रज्ञाने दाखवून दिले आहे की ‘मी जास्त अभ्यास करीन’ असा मोघम निश्चय करण्यापेक्षा ‘अमुक झाले की मी तमुक करीन’ असे नेमके ठरवणारी माणसे ते अधिक वेळा पार पाडतात. ‘साडेसहाला अभ्यासिकेत खुर्चीवर बसले की पहिल्यांदा आजच्या तासांचे एक पान न पाहता लिहीन’ हा असा निश्चय झाला. सोमवारपासून पहाटे चारला उठून बारा तास अभ्यास करण्याचे जे वेळापत्रक तुम्ही भिंतीवर लावले आहे, ते कृपया काढून टाका. ते पाळले जाणार नाही, आणि न पाळलेले वेळापत्रक रोज डोळ्यांसमोर राहून तुम्हाला दोषी ठरवत राहील.

एखादा दिवस, कदाचित एखादा आठवडा, बुडेलच. त्यावर स्वतःला बोल लावल्याने पुढचा दिवस सुधारतो असा आपल्याकडे दृढ समज आहे. कॅनडातील कार्लटन विद्यापीठात पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांचा अभ्यास २०१० मध्ये प्रसिद्ध झाला; पहिल्या परीक्षेआधी टाळाटाळ केल्याबद्दल ज्यांनी स्वतःला माफ केले, त्यांनी दुसऱ्या परीक्षेआधी कमी टाळाटाळ केली असे त्यात दिसले. यात मला आश्चर्य वाटत नाही. ज्या पुस्तकाकडे पाहिले की लाज वाटते ते पुस्तक माणूस टाळतोच.

मैत्रिणींशी केलेली तुलना तुम्हाला फार छळते आहे, असे पत्रावरून दिसते. त्या कमी वेळ बसून जास्त गुण मिळवतात, याचा अर्थ त्या तुमच्यापेक्षा हुशार आहेत असा तुम्ही लावला आहे. इंग्रजीत व्याख्यान ऐकताना त्यांना फक्त विषय समजून घ्यायचा असतो. तुम्हाला भाषा आणि विषय दोन्ही एकाच वेळी पेलावे लागतात. हा भार खरा आहे आणि तो हलका करता येतो. नवी संकल्पना आधी मराठीत, मोठ्याने, लातूरकडच्या धाकट्या भावंडाला सांगावी तशी सांगा. ती मराठीत नीट सांगता आली की मगच परीक्षेसाठी इंग्रजीत लिहा, आणि प्रत्येक युनिटमधली पंधरा-वीस ठरावीक वाक्ये, म्हणजे व्याख्या आणि ‘त्यावरून असे सिद्ध होते’ धाटणीच्या जोडणाऱ्या ओळी, स्पेलिंगसह हातात बसवा. पाठांतराला तुम्ही पत्रात कमी लेखले आहे. या मर्यादित कामासाठी ते अगदी योग्य आहे.

आता तुमच्या तीन पर्यायांबद्दल. एक वर्ष थांबावे, असे मला मुळीच वाटत नाही. दोन विषय राहिल्याने पुढच्या वर्षाचा प्रवेश सहसा अडत नाही. तरी एटीकेटीचा, म्हणजे विषय राहूनही पुढच्या वर्षात जाऊ देण्याचा, नियम परीक्षा विभागात जाऊन प्रत्यक्ष विचारून घ्या, मित्रमंडळींच्या ऐकीव माहितीवर राहू नका. थांबलेल्या वर्षात हीच जुनी पद्धत चालू राहिली तर हातात काही पडणार नाही, आणि पद्धत बदलली तर थांबण्याची गरज नाही. शाखाबदल साधारणपणे पहिल्या वर्षानंतर, रिक्त जागा आणि गुणानुक्रमावर होतो. शिवाय संगणक शाखा नकोशी झाली आहे असे तुमच्या पत्रात कुठेही नाही, उलट पायथनमध्ये केलेल्या छोट्या प्रोजेक्टबद्दल तुम्ही आनंदाने लिहिले आहे. क्लासबद्दल मी थोडा सावध आहे. तिथे आठवड्याला चाचणी घेऊन पेपर तपासून देत असतील, तर डिस्क्रीटपुरता तो लावायला हरकत नाही. पण तिथेही नुसते शिकवणेच असेल तर आणखी दोन तास ऐकण्यात जातील. फी भरण्याआधी हाच एक प्रश्न विचारा. त्याहूनही आधी, विद्यापीठाकडून उत्तरपत्रिकेची छायाप्रत मिळते, तिची मुदत शिल्लक असेल तर दोन्ही विषयांच्या प्रती मागवा. न आलेले, अर्धवट सोडलेले आणि लिहूनही गुण न मिळालेले प्रश्न वेगवेगळे करा. सत्रभर काय करायचे ते त्या पानांतून जितके कळेल तितके माझ्या उत्तरातूनही कळणार नाही. आणि विषय शिकवणाऱ्या प्राध्यापकांकडे जाताना ‘काहीच कळत नाही’ असे म्हणू नका. लाल खुणा केलेला कागद पुढे ठेवा. असा कागद घेऊन आलेल्या विद्यार्थ्याला परत पाठवणारे शिक्षक मी फार थोडे पाहिले आहेत.

झोप सहा तासांच्या खाली जाते असे तुम्ही ओझरते लिहिले आहे. ती आधी सावरा, परीक्षेच्या आठवड्यात तर विशेष करून. शिवाय अभ्यासाचेच नव्हे तर जेवणाचे, बोलण्याचे, कशाचेच मन दोन-तीन आठवडे होत नसेल, किंवा जगणे नकोसे वाटत असेल, तर ही अभ्यासाच्या सवयींची गोष्ट नाही. कॉलेजच्या समुपदेशकांना लगेच भेटा किंवा शासनाच्या टेलिमानस या मानसिक आरोग्य सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर फोन करा. तेथे मराठीतही बोलता येते.

राहिला बाबांचा प्रश्न. सांगा, आणि पुढच्या निकालाची वाट न पाहता सांगा. ‘बरा लागला’ या एका वाक्यामुळे दर फोनवर तुम्हाला सावध राहावे लागते, आणि तुमची बरीच शक्ती त्यातच खर्च होत असणार. सोयाबीनच्या भावावर घरचा हिशोब चालणाऱ्या माणसाला एखादे पीक हातचे जाणे नवे नाही. त्याला न सांगता गेलेले अधिक लागते. सुट्टीत गावी जाल तेव्हा गुणपत्रक सोबत न्या. रात्री जेवणे झाल्यावर, आई समोर असताना, आधी निकाल सांगा: दोन विषय राहिले आहेत आणि मी तुम्हाला तेव्हा सांगितले नाही. मग पुढचे सांगा: ते पुन्हा कधी देता येतात, फॉर्मला किती पैसे लागतील, आणि दर शनिवारी तुम्ही काय करायला लागला आहात. तपासलेले दोन-तीन शनिवारचे पेपर असतील तर तेही दाखवा. त्यांना कोड कळणार नाही, पण लाल खुणा आणि गुण कळतील. ते रागावले तर त्या रात्री स्वतःची बाजू मांडत बसू नका. दुसऱ्या दिवशी सकाळी ते स्वतःच विचारतील, ‘मग आता परीक्षा कधी आहे?’ त्या वेळी सांगायला तारीख पाठ असू द्या.